घेण्याआधीची तक्रार

"'दीर्घकाळ टिकणारं' म्हणजे नेमकं किती?" शिलाई मशीनच्या माहितीपत्रकावरचं भिंग उचलत सासरेबुवांनी विचारलं.

"बाबा, तसं लिहायची पद्धत असते," सूनबाई म्हणाली.

"असणारच. आकडा लिहिला की अंगाशी येतो."

सासरेबुवांची सगळी नोकरी दुकानदारांची वजनमापं तपासण्यात गेली होती. पारड्याखाली चिकटवलेलं मेण आणि तळाला चेपलेली मापं बघण्यात उमेदीची वर्षं गेली, की माणसाला सरळ तराजूही वाकडा दिसायला लागतो. निवृत्त होताना खात्यानं त्यांच्याकडून शिक्के परत घेतले, संशय परत घ्यायचा मात्र राहून गेला. गल्लीतले लोक त्यांना पाठीमागे शंकासूर म्हणत. त्यांना ते माहीत होतं, कारण पाठीमागे कोण काय म्हणतं याचीही त्यांनी चौकशी केलेली होती.

सूनबाई घरी लहान मुलींचे फ्रॉक शिवायची. हात सफाईदार होता, पण बाजारातल्या कपड्यांच्या दुकानाच्या मालकीणबाईंनी तिचा नमुन्याचा फ्रॉक उलटा केला, आतल्या शिवणीवर अंगठा घासला आणि कापडाचे दोरे त्यांच्या बोटाला आले. "वरून छान आहे हो," बाई म्हणाल्या, "पण पोरीच्या अंगाला आतली बाजू लागते. कडा ओव्हरलॉक करून आणा, मग कायमचं काम देते. शनिवारपर्यंत थांबते, नंतर दुसरीकडे देईन." लग्नानंतर पहिल्यांदाच स्वतःचं म्हणावं असं काहीतरी सूनबाईच्या हाताशी आलं होतं, आणि ते कापडाच्या कडेवर अडलं होतं.

म्हणजे ओव्हरलॉक मशीन घेणं आलं. कापडाची कड कापता कापताच तिच्यावर दोऱ्यांचा गोफ घालणारं ते यंत्र. सूनबाईची अपेक्षा साधी होती: रोज चालावं, आणि बिघडलंच तर दुरुस्त व्हावं. नवरा म्हणाला, "बाबांना घेऊन जा. त्यांना कोणी फसवू शकत नाही." हे खरंच होतं. पण त्यांना कोणी काही विकूही शकत नव्हतं.

पहिल्या दुकानात बसताक्षणी चहा आला. सासरेबुवा उठलेच. "माल चांगला असता तर चहा कशाला पाजला असता?" ते बाहेर आल्यावर म्हणाले. दुसऱ्या दुकानात चहा आला नाही, तेव्हाही ते उठले. "आत्ताच विचारत नाही, पैसे दिल्यावर तर ओळखही देणार नाही." तिसऱ्या दुकानाचा मालक मशीन विकायचाही आणि दुरुस्तही स्वतःच करायचा. त्यानं चहाचं विचारलं, नको म्हटल्यावर आग्रह केला नाही, आणि सरळ सांगितलं, "आतले गिअर लोखंडी आहेत. सुटे भाग मिळतात. बिघडलं तर फोन करा, मी येतो."

सासरेबुवा त्या दुकानात पुन्हा पुन्हा गेले. त्यांनी मशीन बोटानं वाजवून पाहिलं, उलटं करून पाहिलं, एकदा तर हुंगलं. घरी आल्यावर त्यांनी माहितीपत्रक पुन्हा भिंगाखाली धरलं.

"यात खोट सापडत नाही," ते शेवटी म्हणाले.

"म्हणजे चांगलंच की."

"म्हणजे लपवलीय. आणि 'मी येतो' म्हणाला तो. येतो कशावरून?"

"घेतल्यावर कळेल ना, बाबा."

"घेतल्यावर कळून काय करायचंय? तपासणी आधी असते."

शुक्रवारी सकाळी त्यांनी फोनवर रुमाल धरला, आवाज जाड केला आणि त्याच दुकानात तक्रार नोंदवली: जुनं ओव्हरलॉक मशीन आहे, बिघडलंय, येऊन बघा. पत्ता मात्र त्यांनी खरा दिला, कारण खोटा पत्ता देऊन माणूस येतो की नाही हे तपासणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं.

"आणि तो आलाच तर?" सूनबाईनं विचारलं.

सासरेबुवांनी तिच्याकडे कीव येऊन पाहिलं. "सूनबाई, कोणी येत नसतं."

चहाचे कप विसळून होताहेत तोवर खाली स्कूटर थांबली. सासरेबुवांनी खिडकीतून पाहिलं. हत्यारांची पेटी घेऊन दुकानदार पाट्या वाचत जिन्याकडे येत होता. माणूस शब्दाचा पक्का निघाला याचा आनंद मानायची ती वेळ नव्हती.

"तू त्याला बोलण्यात गुंतव," सासरेबुवा म्हणाले. "मी मशीन आणतो."

"कुठून?"

"वरून."

वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे हौसेनं घेतलेलं आणि हौस फिटल्यावर झाकून ठेवलेलं त्याच कंपनीचं एक ओव्हरलॉक मशीन होतं. सूनबाईनं ते पूर्वी एकदा मागितलं होतं. "वस्तू दिली की परत येते ती वेगळीच असते," असं म्हणून काकूंनी दार लावून घेतलं होतं. आताही त्या नाहीच म्हणाल्या. पण खाली एक माणूस मशीन फुकट तपासून देतोय असं कळल्यावर त्यांचा विचार बदलला. मशीन त्यांनी कोणाच्या हातात दिलं नाही, पोटाशी धरून स्वतःच खाली आणलं.

इकडे दारात दुकानदार सूनबाईकडे बघतच राहिला होता. "तुम्ही तर माझ्याकडे मशीन बघायला आला होता."

"हो."

"घरात मशीन असताना?"

"ते बिघडलं म्हणूनच तर," सूनबाई म्हणाली. इतकं बेमालूम खोटं आपल्याला येतं हे तिलाही त्याच क्षणी कळलं.

तेवढ्यात काकू मशीन घेऊन आत आल्या आणि मागून सासरेबुवा. मशीन टेबलावर ठेवलं गेलं. काकू त्याच्या शेजारीच खुर्ची ओढून बसल्या.

"काय बिघडलंय?" दुकानदारानं विचारलं.

"टाके सोडतं," सासरेबुवा म्हणाले.

"काहीही काय? माझं मशीन एकही टाका सोडत नाही," काकू म्हणाल्या.

"तुमचं?" दुकानदारानं मान वर केली.

"म्हणजे घरातलंच समजा," सासरेबुवा घाईनं म्हणाले. "या आम्हाला घरच्यासारख्याच आहेत."

काकूंनी आयुष्यात प्रथमच हे ऐकलं होतं. त्या खुर्ची सरकवून मशीनच्या आणखी जवळ आल्या.

दुकानदारानं चिंधी घेऊन मशीन चालवलं. गोफ असा पडला की सूनबाईचा जीव त्यात अडकला. एक टाका सुटला असेल तर शपथ. दुकानदारानं सासरेबुवांकडे पाहिलं आणि मशीन उघडायला घेतलं. स्क्रू काढून वर्तमानपत्रावर ओळीनं मांडले, आतून कापसाचा लगदा ब्रशनं बाहेर काढला, तेल दिलं. सासरेबुवा एवढे वाकले की त्यांचं नाक तेलाला लागायचंच राहिलं. सगळ्या दुकानांत मिळून त्यांना एकाही मशीनचं पोट बघायला मिळालं नव्हतं.

"गिअर लोखंडीच आहेत," ते पुटपुटले.

"तुमचंच मशीन ना? मग आत्ता कसं कळलं?" दुकानदारानं हातातला ब्रश खाली ठेवला. "आणि फोनवर आवाज तुमचाच होता. खरं सांगा, समोरच्या दुकानवाल्यानं पाठवलंय का तुम्हाला? मी किती कामं करतो, कुठल्या भागात जातो, हे काढायला?"

सूनबाईला आता सहन होईना. तिनं सगळं सांगून टाकलं: फ्रॉक, कड, शनिवार, रुमाल. दुकानदारानं शांतपणे ऐकून घेतलं.

"नसलेल्या मशीनची तक्रार केलीत," तो म्हणाला.

"मशीन घेतल्यावर तुम्ही याल की नाही, ते बघायला," सासरेबुवा म्हणाले.

"आलो ना मी?"

"आलात. म्हणूनच तुमच्याचकडून घ्यायचं," सासरेबुवा मोठ्या मनानं म्हणाले. "तपासणीत पास झालात तुम्ही."

"पण तुम्ही नाही झालात," दुकानदार म्हणाला. "घ्यायच्या आधी जो तक्रार करतो, तो घेतल्यावर मला जगू देईल का? तुम्हाला मी मशीन देणार नाही. दुसरीकडे बघा."

दुसरीकडे बघायला आता दुसरं काही उरलं नव्हतं. सूनबाईला रडू आलं आणि तिनं ते लपवलं नाही. "बाबा, उद्या शनिवार आहे," एवढंच ती म्हणाली. जन्मभर लोकांची खोटी मापं पकडणाऱ्या सासरेबुवांना आपणच कोणाचं तरी माप मारल्यासारखं वाटलं. त्यांना फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की काय करायचं हे ठाऊक नसल्यानं ते नुसतेच उभे राहिले.

पण काकूंचं लक्ष वर्तमानपत्राकडे होतं. "हे काय काढलंत माझ्या मशीनमधून?"

"कचरा," दुकानदार म्हणाला.

"एवढा कचरा माझ्या मशीनमध्ये नव्हता."

"आतला कचरा दिसत नसतो, काकू."

"मग न दिसणारं आणखी काय काय काढलं असेल? तुम्ही तिघं आधीपासून एकमेकांना ओळखता. फोनही यांनीच केला. नाही हो, हे आता माझं मशीन राहिलं नाही. मला नवं पाहिजे, पेटीबंद, माझ्यासमोर फोडलेलं."

दुकानदारानं शपथा घेतल्या, सूनबाईनं हात जोडले, पण काकू हलेनात. मग सासरेबुवांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला. नवं मशीन आपण काकूंना घेऊन द्यायचं आणि हे जुनं आपल्याकडे ठेवायचं. दुकानदारानं जरा विचार केला. "बिल काकूंच्या नावावर होईल. फोनही फक्त त्या करतील."

"आणि हे बिघडलं तर?" सासरेबुवांनी विचारलं.

"बिघडायला यात फारसं काही नाही. पाना-स्क्रूड्रायव्हरनं सगळं सुटतं, भाग मिळतात. तरी बिघडलं तर दुकानात घेऊन या." दुकानदारानं पेटी बंद केली. "सूनबाईंना पाठवा."

शनिवारी सूनबाई फ्रॉक घेऊन निघाली, तर सासरेबुवा आधीच चपला घालून उभे. दुकानात मालकीणबाईंनी फ्रॉक उलटा केला आणि शिवणीवर अंगठा घासला. मग नख लावून पाहिलं. दोरा आला नाही. सूनबाईनं श्वास सोडला, पण बाईंनी चष्मा कपाळावर चढवला.

"इतक्या लवकर इतकी सफाई? बाहेरून करून आणलंत ना?"

"नाही हो, घरी मशीन आहे."

"सगळ्या असंच म्हणतात. नमुना बाहेरून, आणि माल आला की पुन्हा दोरेच दोरे."

"तिनं घरीच केलंय," सासरेबुवा म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "मी सांगतोय ना."

हे वाक्य त्यांनी उभ्या जन्मात कोणाचं ऐकून घेतलं नव्हतं.

"तुम्ही सांगताय म्हणून मी विश्वास कशाला ठेवू?" बाई म्हणाल्या. "तुम्ही तर घरचेच."

सूनबाईनं डोळे मिटून घेतले. आता काम गेलंच. सासरेबुवांनी मात्र त्या प्रश्नाचा सगळ्या बाजूंनी विचार केला, आणि त्यांना त्यात खोट सापडली नाही.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "येऊन बघा. पण कळवून येऊ नका. कळवलं की लोक तयारी करून ठेवतात."

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "मग आत्ताच येते," त्या म्हणाल्या. त्यांनी दिवे बंद केले, शटर ओढलं, कुलूप लावलं आणि एकदा हिसडा देऊन पाहिलं. तिघं चालू लागली. थोडं पुढे गेल्यावर सासरेबुवा थबकले, एकटेच मागे वळले, आणि परक्याच्या दुकानाचं ते कुलूप त्यांनी दोन्ही हातांनी आणखी एकदा ओढून पाहिलं. सूनबाईला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

बाई वाटेतच उभ्या राहिल्या होत्या.

"सोमवारपासून माल द्यायला लागा," त्या सूनबाईला म्हणाल्या. "ज्या घरात असा माणूस आहे, तिथली शिवण उसवायची नाही."