खांबेटे बाईंचा बिनपैशाचा बाजार

खांबेटे बाईंसमोर खिशात हात घालायची सोय नाही. रुमाल काढायचा असला तरी आधी सांगावं लागतं. नाहीतर अख्खं पार्किंग घुमतं, "अहो, पाकीट आत! इथं नोटा चालत नाहीत."

बाई चित्रकला शिकवून निवृत्त झाल्या. दर रविवारी सकाळी नारायण पेठेतल्या आमच्या बिल्डिंगखाली बाजार भरवतात. पैसा नाही, वस्तू नाही. हातात मावेल ते घरी ठेवून यायचं. आपलं काम द्यायचं, दुसऱ्याचं घ्यायचं. कोणी अर्ज लिहून देतो, कोणी शीळ घालायला शिकवतो. एक जण दवाखान्यात आपला नंबर लागेपर्यंत शेजारी बसून राहतो. पहिल्या मजल्यावरचे भावे पेरू घेऊन आले, तर पिशवीसकट परत. "पेरू नकोत. गोड पेरू ओळखायचा कसा, ते शिकवा." भावे अजून बोलत नाहीत.

आर्ट कॉलेजातले लोक फोटो काढायला येतात. त्यांना बाई खुर्च्या मांडायला लावतात.

"हे एक मोठं चित्र आहे," मला म्हणाल्या, "आणि आपण सगळे त्यातले रंग."

"मी रंग नाही. मी प्लंबर आहे."

"मग बरंच झालं. रंगाला पाणी लागतंच."

मी सातवी नापास. त्यांचं निम्मं बोलणं डोक्यावरून जातं. पण बाई बोलतात ठाम, त्यामुळे ऐकावं लागतं.

बाजारात आलं की चिठ्ठी द्यायची. एका बाजूला काय देणार, दुसऱ्या बाजूला काय हवं. दुसरी बाजू कोरी असली तर चिठ्ठी परत. "मागायला लाज कसली? नुसतं देत सुटणारा माणूस गर्विष्ठ असतो!"

माझी तीनदा परत आली. सुमनला, माझ्या बायकोला, जाऊन दीड वर्ष झालं. मागणार काय? चौथ्या रविवारी लिहिलं, 'कोणीतरी मला रागवावं.'

बाई हसल्या नाहीत. "कशावरून?"

"बीपीची गोळी विसरतो. ओल्या पायांनी घरात येतो. सुमन ओरडायची. आता कोणी आवाजच चढवत नाही."

विश्रांतवाडीहून येणाऱ्या एका मुलीनं काम घेतलं. "काका, प्लीज गोळी घ्या ना." म्हटलं, पोरी, हा विनंती अर्ज झाला.

मग बाईच उठल्या. "गोळी घ्यायला मुहूर्त काढायचाय का? आणि ते पाय पुसा आधी! घर आहे की नदीचा घाट?" सगळं पार्किंग वळून बघायला लागलं. मला मात्र दीड वर्षानं घरी आल्यासारखं वाटलं.

तेव्हापासून रोज आठ वाजता जिन्यात हाक येते, "गोळी!" मी खालून ओरडतो, "घेतली!"

बदल्यात मी त्यांच्या स्वयंपाकघरातला नळ बघतो. नळ मोठा बेइमान. दर शुक्रवारी गळतो. नट आवळायला दोन मिनिटं लागतात, पण मग चहा होतो. बाई सुमनबद्दल विचारतात, ती भरली वांगी कशी करायची वगैरे. तास जातो.

गेल्या शुक्रवारी नट नीट पाहिला. त्यावर पान्याच्या ताज्या खुणा. माझ्या नव्हेत. चाळीस वर्षांत माझा पाना असा घसरला नाही. हा हात नवशिका होता, आणि तो नट सोडवत होता. ओट्याखाली फडक्यात गुंडाळलेला कोरा पाना दिसला.

मग ध्यानात आलं. सगळ्यांच्या चिठ्ठ्या तपासणाऱ्या या बाईंची स्वतःची चिठ्ठी मी कधी पाहिलीच नव्हती.

बाई पाठमोऱ्या उभ्या राहून दोन कप विसळत होत्या. "पुन्हा गळेल का हो?" एरवीचा तो आवाज, पण आज अगदी बारीक.

मी नट आवळला. पुरता नाही.

"गळणारच. जुना नळ आहे."

तो नळ दिवाळीत मीच नवा बसवलाय. बाईंनाही ते ठाऊक आहे. त्यांनी चहा ओतला. मग कप पुढे करून खणखणीत विचारलं, "पाय पुसून आलात ना?"

नव्हते पुसले.