दक्षिणेला पाय

सिमेंटचं एक पोतं, पन्नास किलो.

दक्षिण दिशा.

डाव्या डोळ्यात तीन वेळा थेंब.

एक कोरा वस्तरा.

दोन प्लेट उपीट, वर शेव.

यांचा एकमेकांशी काय संबंध, असं तुम्हाला वाटेल. त्या दिवशी सकाळी अकरापर्यंत मलाही तसंच वाटत होतं.

पोतं

मी महालिंगप्पा. येरमाळ्याला हायवेवर आमचं सिमेंट-लोखंडाचं दुकान आहे. मी कशालाच घाबरत नाही. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढं वाचून तुमचा गैरसमज होईल.

दोन वर्षांमागं कंपनीचा एक एजंट म्हणाला, "शेठ, आता वय झालं तुमचं." मी बाह्या सरसावल्या. पन्नास किलोचं पोतं एका हातानं उचललं. पोतं वर गेलं आणि उजव्या जांघेत लिंबाएवढं काहीतरी बाहेर आलं.

डॉक्टर म्हणाले, हर्निया. ऑपरेशन.

पहिल्या वेळी दुकानात माल उतरायचा होता, म्हणून गेलो नाही. दुसऱ्या वेळी धाराशिवच्या बसस्टँडवरूनच परतलो, कारण परतीची बस समोरच उभी होती. याला घाबरणं म्हणत नाहीत. याला बसची सोय म्हणतात.

तिसऱ्या वेळी डॉक्टर माझ्याशी बोललेच नाहीत. शिवकांताशी, म्हणजे आमच्या मंडळींशी बोलले. "ताई, आता लांबवू नका. आतडं अडकलं तर जिवावर बेतंल."

मग बसमध्ये ती मला खिडकीशी बसवून स्वतः कडेला बसली. पाय आडवे टाकून.

दक्षिण

सकाळी सातला भरती. आदल्या रात्रीपासून पोटात पाण्याचा थेंब नाही. दोन पलंगांची खोली. एक नंबर माझा. दोन नंबरवर माकणीचे खाजाभाई, पासष्टीचे. त्यांच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू. सोबत बायको, नसीमबी.

"घाबरलाव का?" खाजाभाईंनी विचारलं.

"छे. तुम्ही?"

"म्या? धरणावर नोकरी केली तीस साल. पाण्याचे दरवाजे उघडले या हातानं. डोळ्याचं काय."

दोघांचेही पाय चादरीखाली हलत होते. पण ती फॅनची हवा.

तेवढ्यात गावाहून आईचा फोन आला. आमची आई, मल्लम्मा, वय ब्याऐंशी. फोन स्पीकरवर होता.

"यप्पा, पाय कुणीकडं हायेत तुजे?"

शिवकांतानं मोबाइलमधलं होकायंत्र उघडलं. माझ्याकडं बघितलं. परत मोबाइलकडं बघितलं.

"दक्षिणेला," ती हळूच म्हणाली.

"यमाच्या दारात निजवलं व्हय गं माज्या लेकराला?"

लेकरू छप्पन्न वर्षांचं. आमच्या लिंगायत धर्मात असलं काही मानू नये, हे मला पाठ आहे. पण ऑपरेशनच्या सकाळी पाठांतर कामाला येत नाही. मी तडक उठून बसलो.

हे ऐकून नसीमबीनं आपला मोबाइल काढला. त्यात काबा कुठल्या दिशेला आहे ते दाखवणारा बाण होता. तिनं बाण फिरवला आणि कपाळावर हात मारला. "या अल्ला. अजी, पाय आवरा. सीधे पश्चिमेला, काब्याकडं हायेत तुमचे."

खाजाभाईंनी दोन्ही पाय पोटाशी घेतले.

रात्रपाळीची सिस्टर घरी निघाली होती. शिवकांतानं विचारलं, "उशी पायथ्याला घेतली तर?"

"डोकं ऑक्सिजनच्या नळीकडंच पाहिजे," ती म्हणाली आणि पर्स उचलून गेली.

मग दोन्ही बायका खोलीच्या मधोमध उभ्या राहिल्या. एकीच्या हातात होकायंत्र, दुसरीच्या हातात बाण. दोन्ही मोबाइलांचं एकमत झालं. दोन नंबरवर झोपलं की डोकं पूर्वेला, म्हणजे मला उत्तम. एक नंबरवर झोपलं की पाय दक्षिणेला, म्हणजे खाजाभाईंना चालण्यासारखं.

एका मिनिटात अदलाबदल झाली. मी दोन नंबरवर, ते एकवर. उशा बदलल्या, चादरी बदलल्या, चपलासुद्धा बदलल्या.

पलंगाच्या पायथ्याच्या दांडीला एकेक फाइल लटकत होती. तिला कुणी हात लावला नाही. दवाखान्याच्या कागदाला उगाच हात लावू नये, एवढी अक्कल आम्हा चौघांना होती.

खूश होऊन बायका खाली औषधं आणायला गेल्या; मेडिकलची रांग गेटपर्यंत होती. जिना उतरेपर्यंत त्या एकमेकींना आक्का आणि भाभी म्हणायला लागल्या होत्या.

थेंब

आठला दिवसपाळीची सिस्टर आली. अर्पिता नावाची, नवी, चटपटीत. तिनं माझ्या पायथ्याची फाइल वाचली.

"दोन नंबर ना?"

"व्हय, दोन नंबर." आता होतोच मी दोन नंबर.

"वर बघा."

डाव्या डोळ्यात थेंब पडला. डाव्या भुवईवर पांढरी पट्टी चिकटली.

"दहा मिनिटांनी परत टाकीन. धूसर दिसंल, घाबरायचं नाही."

"मी घाबरतच नसतो."

डॉक्टरी कामात प्रश्न विचारायचे नाहीत, असं मी घरूनच ठरवून आलो होतो. पेशंटनं प्रश्न विचारला की लोकांना वाटतं, घाबरला. तरी हर्नियाला डोळ्यात थेंब कशाला, हा विचार आलाच. उत्तरही मीच काढलं. पेशंटला चाकू दिसू नये म्हणून असणार. मग एकाच डोळ्यात का? उजव्या अंगाचा कारभार मेंदूच्या डाव्या बाजूला असतो म्हणतात. उजवा हर्निया, डावा डोळा. कसं जुळलं बघा. सायन्स कुठल्या कुठं गेलंय.

दुसऱ्या थेंबाला फॅनला सहा पाती दिसली. तिसऱ्या थेंबाला त्या डोळ्याला फॅनच दिसेना.

वस्तरा

(हा भाग पडद्याआड घडला. मला ऐकू आलं तेवढंच लिहितो. आवाज दोन. एक खाजाभाईंचा, दुसरा वॉर्डातल्या उत्तरेश्वर मामांचा.)

"चाचा, लुंगी सैल करा."

"आं?"

"लाजू नका. समद्यांचंच करावं लागतं."

"ह्याच्यासाठी बी करतेत?"

"ह्याच्यासाठीच तर करतेत."

(वस्तऱ्याची खरखर.)

"मामा, जपून."

"वीस साल झाली मला."

(पडदा उघडल्याचा आवाज.)

खाजाभाई माझ्याकडं बघत नव्हते. मला तसंही धूसरच दिसत होतं.

"सायन्स लई पुढं गेलंय," मी त्यांना धीर दिला.

"पुढं न्हाय शेठ," ते खोल आवाजात म्हणाले. "लई खाली गेलंय."

उपीट

साडेनऊला नाश्त्याची गाडी आली. एक नंबरच्या फाइलवर लाल अक्षरात काहीतरी लिहिलेलं होतं. त्यांना काही मिळालं नाही. मला मिळालं.

आता तुम्ही म्हणाल, उपाशी राहायचं होतं ना? होतं. पण घरून डबा आणला असता तर तो माझा गुन्हा. दवाखान्यानं स्वतः ताटली हातात दिली, तर तो डॉक्टरांचा सल्ला. मी सल्ला मानला. गरम उपीट, वर शेव, चटणीत ओलं खोबरं. समोर खाजाभाई भुकेनं जांभया देत होते.

"म्या तर फक्त डोळ्यासाठी आलतो," ते म्हणाले. "चहा मिळंल म्हणले होते."

"संयम ठेवा," असं म्हणून मी दुसरी प्लेट मागितली.

अकरा

एकाच वेळी दोन गाड्या आल्या. खाजाभाई आडवे झाले, हिरवा झगा घालून. मी चाकाच्या खुर्चीत. दोघांना वेगवेगळ्या दारांकडं नेलं.

माझ्या दारात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या, असा अंदाज. आवाज गोड होता.

"काका, नाव सांगा. आणि कुठला डोळा?"

"महालिंगप्पा. डोळा न्हाय बाई. उजवी जांघ."

आतली भांड्यांची खुडबुड थांबली.

"परत सांगा?"

"हर्निया. पोत्यानं झालाय."

तेवढ्यात पलीकडच्या दारातून धरणाचे दरवाजे उघडल्यासारखा आवाज आला. "ओ सायब, आँख हिकडं हाय! वर!"

सगळे धावले. फाइली उघडल्या. कॉरिडॉरमध्ये आमच्या दोन गाड्या समोरासमोर आल्या. माझे डॉक्टर आले. भुवईवरची पट्टी त्यांनी बोटानं दाबून बघितली.

"पलंग का बदलले?"

"दक्षिण," मी म्हणालो.

"पश्चिम," खाजाभाई म्हणाले.

डॉक्टरांनी थोडा वेळ डोळे मिटले. मग म्हणाले, "हरकत नाही. वेळेत कळलं. यांचा डोळा दुपारी करू. महालिंगप्पा, तुम्हाला आत घेतो. पोट रिकामं आहे ना?"

आता माणसानं खोटं बोलावं की नाही? जिवाचा प्रश्न होता.

"दोन प्लेट उपीट," मी म्हणालो. "वर शेव."

"उद्या सकाळी," डॉक्टर म्हणाले आणि निघून गेले.

आणि इथं मी एक कबूल करतो. 'उद्या' ऐकून मला फार बरं वाटलं. पोटातला दगड विरघळल्यासारखं. म्हणजे इतके दिवस पोटात दगड होता.

शिवकांता औषधांची पिशवी घेऊन समोर उभी होती. ती रागावली नाही. तेच वाईट.

"उपीट गरम होतं का?" तिनं विचारलं.

रात्रभर तिनं खुर्ची दाराला लावून ठेवली.

दुसरा दिवस

सिस्टरनं मला परत एक नंबरवर निजवलं. पाय दक्षिणेला. यावेळी प्रत्येकानं येऊन माझं नाव विचारलं, पाणक्यानंसुद्धा. उत्तरेश्वर मामा वस्तरा घेऊन आले आणि म्हणाले, "काल तुमचं एकदा झालंय. पण दुसऱ्यावर."

पायांचं थरथरणं थांबेना. फॅन बंद होता, त्यामुळं त्याचंही नाव घेता येईना.

नऊ वाजता खाजाभाई आले. डोळ्याची पट्टी काढून घ्यायला बोलावलं होतं, पण ते आधी माझ्याकडं आले. काळा चष्मा लावून. खुर्ची ओढून बरोबर माझ्या पायथ्यापलीकडं, भिंतीला टेकून बसले.

"घाबरलाव का?"

"व्हय," मी म्हणालो. पहिल्यांदाच.

"म्या बी लई घाबरलो होतो काल. दोनदा."

"पाय दक्षिणेला आहेत, खाजाभाई."

"असू द्या. दक्षिणेला म्या बसलोय न्हवं? येऊ द्या, कोण येतंय ते."

मला हसू आलं. हसलं की हर्निया दुखतो. हसत, कण्हत मी आत गेलो. बाहेर आलो तेव्हा लिंबू आत आपल्या जागी गेलं होतं आणि खाजाभाई खुर्चीतच घोरत होते. पाय पसरलेले, कुठल्या दिशेला ते मी बघितलं नाही.

घरी निघताना लक्षात आलं, त्या खोलीतल्या दोन्ही पलंगांना चाकं होती; पलंगच ढकलले असते तर फाइलीही सोबत गेल्या असत्या.