विसूभाऊ साळिंदराची सात तळी

विषय : रहिवाशास स्वतःचेच शहर पाहण्याची परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : अर्जदाराच्या धाकट्या बहिणीचे 'शनिवार-रविवार तुझ्याकडे येतोय' असे पत्र.

उपरोक्त विषयास अनुसरून, बाळांनो, कळवण्यात येते की एका जंगलात एक शहर होतं. शहरात पर्यटन कचेरी होती आणि कचेरीत विसूभाऊ साळिंदर कारकून होता. त्या जंगलात कारकून म्हणून साळिंदरांनाच घेत. ते लेखण्या घरूनच आणतात.

शहराच्या मधोमध एक उंच सुळका होता. त्यावरून सात तळी दिसतात, असं कचेरीचं माहितीपत्रक सांगे. त्याच्या नकला विसूभाऊ बावीस वर्षं करत होता. वर मात्र तो एकदाही गेला नव्हता.

त्याला कारण होतं. पूर्वी रहिवासी सुळक्यावर जात ते संध्याकाळपर्यंत खाली येतच नसत, आणि कामं पडून राहत. म्हणून सिंहमहाराजांनी नियम केला. पाहुण्यांनी खुशाल जावं, रहिवाशांनी अर्ज करावा. मग रहिवासी जायचेच थांबले. कामं तरीही पडूनच राहिली, पण आता ती नियमानुसार पडून होती.

विसूभाऊ मात्र दर सणाला बहिणीला लिही, "काल पुन्हा सुळक्यावर जाऊन आलो. सातही तळी लख्ख दिसली." बहीण वत्सला ही पत्रं अख्ख्या दरीला वाचून दाखवी. भाऊ शहरात असावा तर असा, असं दरी म्हणे. आणि आता ती नवरा-मुलांना घेऊन भावाबरोबर ती तळी बघायला येत होती.

विसूभाऊने आपलाच एक काटा उपटला आणि परवानगीचा अर्ज केला. दोन दिवसांत अर्ज निघालेला त्याने उभ्या नोकरीत पाहिला नव्हता. त्याचा सगळा भरवसा त्यावरच होता. परवानगी आली नाही की पाहुणे वर जातील, आपण खाली थांबू, आणि आपलं पितळ झाकलेलं राहील.

शनिवार मोठ्या मजेत गेला. बाजारात तुडुंब गर्दी होती, पण साळिंदरांच्या कुटुंबाला गर्दीत धक्का लागत नाही. वत्सलेचा नवरा रंगनाथ याने तीन दुकानांत तीन कलिंगडं चाखली आणि चौथं घेतलं. मग सगळे मगरीच्या पाठीवर बसून नदीपलीकडे गेले. जाताना मगरीने त्यांना मोजून बसवलं. येताना ती मोजणार नाही असं कळल्यावर वत्सलेने सगळ्यांना पुलावरून आणलं. मुलं इतकी हसली की त्यांचे काटे खुळखुळत राहिले. विसूभाऊही हसला. हा पूल त्यानेही आजच पाहिला, हे तो बोलला नाही.

रविवारी सकाळी सगळे सुळक्यापाशी आले. दारात घोरपड बसली होती. ती या खुर्चीला किती वर्षं चिकटली होती, हे कचेरीलाही ठाऊक नव्हतं.

विसूभाऊने पडेल चेहऱ्याने सांगितलं की अर्ज वर गेलाय, पण परवानगी आलेली नाही. तुम्ही जाऊन या. माझं काय, मी नेहमीच जातो.

वत्सलेने त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग घोरपडीला म्हणाली, "हा आमच्याकडचाच. पाहुणा म्हणून लिहा."

घोरपडीने पाहुण्यांची वही उघडली. नाव लिहिलं. गावापुढे दरीचं नाव लिहिलं. तो जन्माला तिथेच आला होता, त्यामुळे ते खोटं नव्हतं. पुढच्या रकान्याशी ती थांबली.

"याआधी सुळका पाहिलाय का? पाहिला असेल तर पाहुणा धरता येत नाही."

सगळे विसूभाऊकडे बघू लागले. मुलंसुद्धा.

"नाही," तो म्हणाला. "कधीच नाही."

घोरपडीने शिक्का मारला. रंगनाथ चढण लागेपर्यंत कसाबसा गप्प राहिला. मग त्याने मेहुण्याला शाबासकी दिली, पाठीवर थाप न मारता. "मानलं तुम्हाला. इतकी बेमालूम थाप मी जन्मात ऐकली नाही."

वर वारा होता. खाली अख्खं शहर पसरलं होतं. मुलांनी तळी मोजली. एक, दोन, तीन. पुन्हा मोजली. तीनच.

"दादा," वत्सला हळूच म्हणाली, "पत्रात सात असायची."

"माहितीपत्रकात सात आहेत," विसूभाऊ म्हणाला.

"असू देत. पुढच्या पत्रात तीनच लिही. आम्ही तरीही येऊ."

मग त्यांनी चौथं कलिंगड फोडलं. संध्याकाळपर्यंत कोणी खाली आलं नाही. तो नियम का करावा लागला, हे विसूभाऊला तेव्हा कुठे समजलं.

सोमवारी त्याचाच अर्ज अभिप्रायासाठी त्याच्याच टेबलावर आला. वर शेरा होता : 'अर्जदाराने सदर स्थळ यापूर्वी पाहिले आहे काय?'

नाही म्हणावं तर खोटं. हो म्हणावं तर विनापरवाना. विसूभाऊने काटा उपटला, थोडा विचार केला आणि कागद गठ्ठ्याच्या तळाशी सरकवला. मग त्याच काट्याने बहिणीला पत्र लिहायला घेतलं.

तात्पर्य : नेहमी खरं बोलावं, ऐकणाऱ्याला ती थाप वाटली तर काम लवकर होतं. आपलं शहर बघायचं असेल तर पाहुणे बोलवावेत, अर्ज करू नये. केलाच असेल तर निकाली काढू नये.

सदर अर्ज प्रलंबित आहे.