बिनआवाजाची आगगाडी

“मिसेस बार्कर, तुम्ही फक्त किटली ठेवा. चहा कपात पडायच्या आत तुमची सगळी रेल्वे या खोलीत बसवून दाखवतो की नाही बघा!”

मिस्टर क्रॅब्ट्री असं म्हणाले आणि एनिडबाईंनी किटली ठेवली. किटली उकळली, गार झाली, पुन्हा उकळली. क्रॅब्ट्री आपले खोलीच्या मधोमध गुडघे टेकून बसलेले! भिंतीला लावायचा कागद जमिनीवर पालथा पसरला होता आणि त्यावर त्यांच्या रेघा चालूच होत्या. छोट्या आगगाड्या बनवणाऱ्यांचं गावात एक मंडळ होतं, त्याचे ते अध्यक्ष. जन्मभर रस्ते मोजले, आता वीतभर रूळ मोजत होते. त्याला ‘खेळ’ म्हणायची मात्र कुणाची छाती नव्हती.

त्यांच्यासोबत पर्सी होता. निवृत्त खाटीक, दाराएवढा रुंद, आवाज मात्र कबुतरासारखा. कागदाचं एक टोक उडू नये म्हणून त्यावर बसायचं, एवढंच काम त्याला दिलेलं होतं.

“कॉट मधोमध,” क्रॅब्ट्री म्हणाले. “रूळ चारही भिंतींनी, कमरेएवढ्या उंच फळीवर.”

“आणि दारातून ती आत कशी येणार, लेनर्ड?” पर्सीने एनिडबाईंकडे मान करत क्रॅब्ट्रींना विचारलं.

“फळीखालून. वाकून. मंडळात आपण सगळे वाकूनच जातो ना?”

“आपण वाकतो, पण उठताना दोघे लागतात.”

“कपाटाचं काय?” एनिडबाईंनी विचारलं.

“कपाट जाणार. वळण याहून आखूड घेतलं तर इंजिन रूळ सोडतं. कपाट सोडा, नाहीतर इंजिन सोडेल!”

“जेवायचं टेबल?”

“मालधक्क्याच्या कडेला जागा ठेवली आहे. एक बशी मावेल.”

“मावेल,” एनिडबाई म्हणाल्या.

त्या सगळ्यालाच हो म्हणत होत्या. पर्सीला जरा नवलच वाटलं, कारण एनिडबाईंना आगगाडीतलं ओ की ठो कळत नव्हतं. कळावंसंही वाटत नव्हतं. त्यांना हवा होता फक्त आवाज.

एनिडबाईंचा नवरा वॉल्टर त्या वसंतात गेला. यॉर्कशरच्या चढणीवरचं त्यांचं घर विकलं गेलं. एनिडबाई म्हाताऱ्यांसाठी बांधलेल्या या इमारतीत आल्या. एक खोली, ओट्यापुरतं स्वयंपाकघर, आणि दारापाशी लोंबणारी लाल दोरी. पडलात, झडलात तर ओढायची; खालून व्यवस्थापिका मिसेस हिग्ज धावत येणार. सोय चांगली होती. पण जुन्या घरी संध्याकाळी एनिडबाई बटाटे सोलायला बसल्या की डोक्यावर, पोटमाळ्यावर, वॉल्टरची गाडी सुरू व्हायची. खडखड खडखड, वळणावर एक ठक्, पुन्हा खडखड. शेवटी त्या जिन्यापाशी जाऊन हाक मारायच्या, तेव्हा वॉल्टर बटण बंद करायचा. चाळीस वर्षं तेच! इथे संध्याकाळ झाली की कान आपोआप छताकडे लागत. वरच्या मजल्यावरची बाई लोकरीचे मोजे घालून चालायची. एखादं भांडंही हातून पडू द्यायची नाही, मेली!

मग ‘मला आवाज हवा आहे’ असं सरळ सांगायचं की! पण कोणत्या तोंडाने? दर वर्षी मंडळाच्या चहाला, आल्याच्या केकची बशी हातात धरून, याच बाईंनी सगळ्यांना ऐकवलं होतं, “आमच्या घरात माणसं राहत नाहीत हो, भूकंप राहतो!” मंडळी पोट धरून हसायची. वॉल्टर सगळ्यांत जोरात हसायचा.

म्हणून त्या गप्प राहिल्या, आणि खोलीत लाकडाचा भुसा उडू लागला. कपाट चर्चच्या जुन्या बाजारात गेलं. टेबल गेलं. त्यांचे कपडे न्हाणीघरात दोरीवर लटकू लागले, सुनावणीला उभ्या केलेल्या आरोपींसारखे. वॉल्टरचं स्टेशन आलं, त्याचा बोगदा आला, त्याने डाळीएवढ्या दगडांनी बांधलेला पूल आला. क्रॅब्ट्रींनी गाडीचं बटण दाराजवळ बसवलं. एका शनिवारी, पाठीला हात लावत, ते म्हणाले, “झालं! आता डोळे मिटा.”

एनिडबाई फळीखालून वाकून आत गेल्या, कॉटवर बसल्या आणि त्यांनी डोळे मिटले. जणू वॉल्टरच आता स्टेशनावर उतरणार होता.

बराच वेळ झाला.

“सुरू करा ना,” त्या म्हणाल्या.

“सुरूच आहे!” क्रॅब्ट्री आनंदाने ओरडले.

एनिडबाईंनी डोळे उघडले. गाडी कॉटभोवती धावत होती. पुलावरून गेली, बोगद्यात शिरली, बाहेर आली. साय सरकावी तशी. चूं नाही की चां नाही.

“रुळांखाली बूच घातलंय, बूच! सगळीकडे, जाड पट्ट्या, आवाज गिळायला. वॉल्टर भला माणूस, पण रूळ सरळ फळीवर ठोकायचा. तुम्ही किती सोसलंत ते आम्हाला काय ठाऊक नाही? म्हटलं, बिचारीला आता तरी शांतता मिळू दे!”

एनिडबाईंनी क्रॅब्ट्रींच्या तोंडाकडे पाहिलं. वाढदिवसाच्या पोरासारखं फुललं होतं.

“किती विचार केलात हो माझा,” त्या म्हणाल्या, आणि केक कापला.

पुरुषमंडळी गेली. गाडी फिरत राहिली. एनिडबाईंनी फळीला कान लावला. काही नाही. मग त्यांना सुचलं, आवाज नेहमी वरून यायचा. आपणच चुकीच्या जागी बसलोय! त्या जमिनीवर बसल्या, मग आडव्या झाल्या आणि सरकत सरकत पाठीवर फळीच्या खाली, बोगद्याच्या डोंगराखाली गेल्या. बाहेर फक्त सपाता राहिल्या. डोळे मिटून, श्वास रोखून त्या ऐकू लागल्या.

नेमके तेव्हाच क्रॅब्ट्री विसरलेली टोपी न्यायला पर्सीला घेऊन परत आले.

“पर्सी! गेली रे गेली! शांतता सोसली नाही तिला!”

पर्सी धावला. एवढा मोठा माणूस, तोंड खाली घालून फळीखाली घुसला. “एनिड! अगं पोरी!” आणि मग एक वेगळाच आवाज आला. त्याच्या पाठीचा.

“मला काही झालेलं नाही,” एनिडबाई म्हणाल्या.

“मला झालंय,” पर्सी म्हणाला.

पण क्रॅब्ट्रींनी लाल दोरी ओढली होती. एकदा ओढून भागलं असतं, यांनी चर्चची घंटा वाजवावी तशी ओढली! दोरी हातात आली. मिसेस हिग्ज जिने चढून धापा टाकत पोचल्या, मागोमाग अर्धी इमारत. मिसेस हिग्जनी पाहिलं तर फळीखालून एकमेकांशेजारी दोन सपाता आणि दोन भलेमोठे बूट बाहेर आलेले.

“अगं बाई! या वयात? आणि हे गृहस्थ काय, पहाऱ्याला उभे आहेत?”

“मॅडम, मी अध्यक्ष आहे!”

“कशाचे?”

दारातली गर्दी फिदीफिदी हसली. लोकरीच्या मोज्यांवालीसुद्धा वरून खाली आली होती. शेवटी मिसेस हिग्ज क्रॅब्ट्रींना दंडाला धरून डॉक्टरला फोन करायला खाली घेऊन गेल्या आणि जाता जाता सगळ्यांना हाकलून गेल्या. फळीखाली दोघंच उरली. डोक्यावरून गाडी जात होती म्हणे.

“तू इथे शिरलीस कशाला गं?” पर्सीने विचारलं. त्याला मान वळवता येत नव्हती.

एनिडबाई फळीच्या खालच्या बाजूकडे बघत राहिल्या. समोरासमोर त्यांना हे बोलता आलं नसतं.

“पर्सी, ते बूच काढाल का?”

“पण तूच तर म्हणायचीस...”

“हो. मीच म्हणायचे.”



“वॉल्टरने आणलं होतं बूच,” पर्सी म्हणाला. “तू पहिल्यांदा तो भूकंप सांगितलास ना, त्याच आठवड्यात. मी होतो बरोबर. नंतर मी विचारलं, लावलंस का रे? तर म्हणाला, नाही लावत. मी म्हटलं, अरे, बायको ओरडते ना? तर म्हणतो, ओरडते म्हणूनच! आवाज बंद झाला तर ती जिन्यापाशी येऊन मला हाक कशाला मारेल? मी आपला दिवसभर वर बसून राहीन आणि कुणाला पत्ता नाही.”

“गाढव होता,” एनिडबाई म्हणाल्या.

“होताच.”

डॉक्टर आला तेव्हा त्याने आधी एनिडबाईंनाच तपासायला घेतलं, कारण डोळ्यांतून पाणी त्यांच्या येत होतं. पर्सी बिचारा तोवर जमिनीवरच.

पुढच्या शनिवारी क्रॅब्ट्रींनी बूच काढलं. जिवंत कोंबडीची पिसं उपटावीत असं तोंड करून काढलं. “चाळीस वर्षांत आम्ही जे शिकलो त्याच्यावर हे पाणी फिरवणं आहे, मिसेस बार्कर,” असं दोनदा म्हणाले, आणि रूळ सरळ फळीवर ठोकून, चहाही न घेता गेले.

संध्याकाळी एनिडबाईंनी दाराजवळचं बटण दाबलं, फळीखालून वाकून आत गेल्या आणि कॉटवर आडव्या झाल्या. खडखड खडखड. आवाज जुन्या घरच्यापेक्षा जरा चिरका होता, पण होता. वळणावर ठक्. पुन्हा खडखड. त्यांचे डोळे मिटले, आणि मिटल्या डोळ्यांनीच त्यांचं तोंड आपोआप उघडलं.

“वॉल्टर! पुरे झालं आता! बटाटे गार होतायत!”

गाडी पुलावरून गेली. बोगद्यात शिरली. बाहेर आली आणि पुन्हा पुलाकडे निघाली.

मग एनिडबाई उठल्या, गुडघ्यांवर हात ठेवून फळीखालून वाकून दारापर्यंत गेल्या, आणि बटण त्यांनीच बंद केलं.