धोंडिरामाचं उतावीळ पोट

"हे बघ धोंड्या, लगीन आपल्या दारात. आन ही गोष्ट ठरल्याबिगर पोरीच्या घरचा घास तोंडात घालायचा न्हाई. ताटावर बसलास की सगळं कबूल केल्यागत हुतंय!" आटपाडीच्या स्टँडवर धाकट्या भावाला एसटीत चढवताना नाथाजीनं बजावलं.

नाथाजीच्या सोपानला आष्ट्याच्या हंबीररावांची विजयमाला पसंत पडली होती. अडलं होतं ते एवढ्यावरच, की मांडव कुणाच्या दारात पडायचा. घरातली एवढी मोठी बोलणी आजवर कुणी धोंडिरामावर सोपवली नव्हती. गडी मनातून लय सुखावला होता. आज भावाला करून दाखवायचंच, या भरात त्याची न्याहारी राहून गेली.

हंबीररावांनी ओट्यावर घोंगडं अंथरलं. "हातपाय धुवा. जेवून घिऊ."

"जेवण मागनं. आदी मांडवाचं बोला," धोंडिराम म्हणाला.

"मांडव आमच्या दारात."

"आमच्या."

बारा वाजेपर्यंत एवढंच बोलणं झालं. आणि मग कुठूनसा मटणाच्या रश्श्याचा वास आला.

पोट ही जात मोठी उतावीळ. ताटाचा पत्ता नसतो, पण नाकानं नुसती वर्दी दिली की आत लगीनघाई सुरू. तोंडाला पाणी सुटतं, जठर रस सोडून मोकळं होतं, आतडी हलायला लागतात. धोंडिराम बोलणी करत होता, त्याचं पोट केव्हाच पंगतीला जाऊन बसलं होतं.

"मांडव..." त्यानं आवंढा गिळला, "आमच्याच..." दुसरा गिळला, "दारात."

"पावणं, घसा बसला का काय?"

"छ्या! झकास हाय."

तोंड गुंतवावं म्हणून त्यानं तंबाखूची चिमूट दाढेला धरली. झालं! पाणी दुप्पट सुटलं. थुंकायला ओट्याच्या कडेला गेला, तर तिथं वास आणखी भारी. परत येऊन बसतोय तोच पोटातून आवाज आला, "गुर्रर्र!"

"कुत्रं लय गुरगुरतंय तुमचं," धोंडिराम घाईघाईनं म्हणाला.

पायरीवरच्या कुत्र्यानं झोपेतच कान हलवला. तेवढ्यात दुसरं गुरगुरणं झालं, पहिल्याच्या तिप्पट. कुत्रं दचकून उठलं आणि शेपूट घालून निघून गेलं. हंबीरराव आढ्याकडं बघत राहिले.

आता सांगायला कुत्रंही उरलं नाही. शरमेनं धोंडिरामाचे कान तापले. आणखी एकदा असं झालं तर आष्टाभर हसं होईल, या धास्तीनं तो म्हणाला, "बरं, मांडव तुमच्या दारात. वाढा!"

दोघांची ताटं आली. त्यात पिठलं, भाकरी आणि ठेचा.

"आन... रस्सा?"

"त्यो व्हय?" हंबीररावांची बायको बनुबाई म्हणाली. "शेजारच्या भाऊसोचा ल्योक मिलिट्रीतनं रजेवर आलाय, त्येंच्यात शिजतोय. आमचं घर माळकरी हाय."

आता कुठं धोंडिरामाला हंबीररावांच्या गळ्यातली तुळशीची माळ दिसली. भावाला आता काय सांगायचं? पण पोटाला त्याचं काय! मटणासाठी केलेली सगळी तयारी त्यानं पिठल्यावर लावली. बघता बघता तीन भाकऱ्या उडाल्या.

"सावकास, पावणं," बनुबाई चौथी वाढत म्हणाली. "तुमी ताटावर बसला, लय बरं झालं बगा. पावण्याच्या आदी जेवता येत न्हाई म्हणून आमचं मालक सकाळधरनं उपाशी. मगाशी पाणी प्याला आत आलं तवा म्हणालं, 'आता पाच मिंटं वाट बगतो. न्हाईतर मांडव देतो त्येंच्या दारात आन जेवाय बसतो.'"

धोंडिरामाचा घास हातातच राहिला. "म्हंजी... त्यो दुसरा आवाज?"

"माजा," हंबीरराव मान वर न करता म्हणाले. "त्ये पिठलं जरा हिकडं सरकवा."