चुरीमास्तरांचा पहिला रविवार

माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तेव्हा भेटायला सगळ्यांत आधी आले चुरीमास्तर. आले ते माझ्याकडे न बघता थेट खिडकीशी गेले. खाली वाकून बघितलं आणि म्हणाले, "सदू, फियाट उन्हात उभी आहे. चावी दे."

मी कण्हत म्हटलं, "मास्तर, माझं पोट फाडलंय!"

"ते शिवलं ना पण? रंगाला टाके घालता येत नाहीत. चावी कुठाय?"

चावी घेऊन गेले, गाडी सावलीत लावली, चावी वॉचमनकडे दिली आणि परस्पर घरी निघून गेले. माझी तब्येत विचारायची राहिली हे त्यांना चार दिवसांनी आठवलं.

चुरीमास्तर म्हणजे आमचे डहाणूचे शेजारी. मधे फक्त एक मेंदीचं कुंपण. जन्मभर गंजाडच्या शाळेत भूगोल शिकवला, लग्न केलं नाही आणि जुन्या मोटारींपायी अर्धे खुळे झाले. खुळे हा माझा शब्द. मी तहसील कचेरीतला निवृत्त कारकून, माझं डोकं लवकर तापतं, तेव्हा पुढेमागे काही वेडंवाकडं बोललो तर समजून घ्या. मास्तर जाऊन चार महिने झाले, तरी मला त्यांच्याबद्दल धड सरळ बोलता येत नाही. एक तर राग येतो, नाही तर रडू येतं.

त्यांचं सगळ्यात मोठं वैर समुद्राशी होतं. खारी हवा पत्रा खाते म्हणून. किनाऱ्यावर कुणी गाडी समुद्राकडे तोंड करून लावली की हे काचेवर टकटक करणार. आत मुंबईचं एखादं जोडपं सूर्यास्त बघत बसलेलं असायचं. "गाडी फिरवा. तुमचा सूर्य बुडतोय, पण तुमचा रेडिएटर सडतोय." त्यांची स्वतःची मॉरिस शेडमध्ये पूर्वेकडे तोंड करून असायची आणि रोज गोड्या पाण्यानं आंघोळ करायची. पाणीटंचाईत मास्तर स्वतः दोन तांब्यांत भागवत, पण मॉरिसची बादली चुकली नाही.

आणि ते लिहायचे. अहो, काय लिहायचे! दर महिन्याला चार पानं, स्वतःच्या वळणदार अक्षरात. स्टेशनजवळच्या दुकानात झेरॉक्स काढून पोस्टानं पाठवायची. अंकाचं नाव 'चालू स्थितीत'. पन्नासेक वर्गणीदार होते, वलसाडपासून कोल्हापूरपर्यंत. गाडीबद्दल लिहिताना ते इंजिनापेक्षा तिच्यात बसलेल्या माणसांबद्दलच जास्त लिहीत. कुठली नवरी या गाडीतून सासरी गेली, मागच्या सीटवर कोण जन्मलं, कुणाला उलटी झाली. मला मोटारीतलं ओ की ठो कळत नाही, पण मी तो अंक झेरॉक्सवाल्याच्या दुकानातच उभ्या उभ्या वाचून काढायचो.

शेवटच्या पानावर निधनवार्ता. माणसांच्या नाहीत, गाड्यांच्या. 'आमची स्नेही हिलमन, वय पंचावन्न, हिचे वृद्धापकाळाने भंगारात निधन झाले. पश्चात एक मालक व दोन नव्या गाड्या असा परिवार आहे.' मेलेल्या प्रत्येक गाडीचा एखादा भाग ते भंगारवाल्याकडून मागून आणत. कुणाच्या दरवाजाची मूठ, कुणाचा आरसा. प्रत्येकाला चिठ्ठी बांधून शेडमधल्या कपाटात ठेवत. महिन्याच्या पहिल्या रविवारी ते सगळे भाग तेलाच्या फडक्यानं पुसायचे. त्या दिवशी देव जरी दारात आला तरी मास्तर म्हणणार, "उद्या या, आज पत्रा पुसायचाय."

एकदा मात्र त्यांची चांगलीच फजिती झाली. बोर्डीकडे रुस्तमकाका म्हणून एक पारशी वाडीवाले आहेत. त्यांची शेड मास्तरांना रिकामी दिसली, आत नुसते चाकांचे वण. झालं! त्यांनी रुस्तमकाकांच्या ऑस्टिनची निधनवार्ता छापून टाकली. वर गहिवरून अर्धं पान लिहिलं. गाडी गेली होती वलसाडला, रंगवायला. पुढच्या आठवड्यात रुस्तमकाका नव्या रंगाची ऑस्टिन घेऊन मास्तरांच्या दारात. हॉर्नवर हात आणि हॉर्नपेक्षा मोठा आवाज. "चाल माष्टर, बेस अंदर! मरेली गाडीमां फरी आवीए!" म्हणजे, मेलेल्या गाडीतून फेरी मारून येऊ! बोर्डीपर्यंत नेऊन आणलं. पुढच्या अंकात मास्तरांनी लिहिलं, 'सदर गाडी जिवंत आहे. आम्ही स्वतः बसून खात्री केली. दिलगीर आहोत, पण फार आनंदात आहोत.'

इथपर्यंत मी हसून सांगतो. आता पुढचं.

माझे वडील रेल्वेत पाट्या रंगवायचे. त्यांनी सेकंडहँड फियाट घेतली होती. बाबा गेल्यावर काही वर्षं मी ती चालवली, मग ती आमच्या चिकूखाली सहा वर्षं नुसती उभी राहिली. मास्तर सारखे म्हणत, "सदू, करू हिचं काही तरी. घाई नको. घाई फक्त भंगारवाल्याला असते." मला झाली होती अडचण. अंगणात पाऊल ठेवायला जागा नाही, खाली साप निघाला, मंदा, म्हणजे माझी बायको, रोज कटकट करायची. मास्तर कुठली तरी गाडी बघायला कोल्हापूरला गेले होते. तो मुहूर्त साधून मी भंगारवाल्याला बोलावलं आणि फियाट देऊन टाकली. मास्तर गावात असताना माझी छाती झाली नसती, हे आज कबूल करतो.

ते परत आले. चिकूखालची पिवळी पडलेली जमीन बघितली. तशीच सायकल काढली आणि भंगारवाल्याकडे गेले. पुढच्या अंकात शेवटच्या पानावर छापून आलं, 'फियाट, वय बावन्न. मृत्यूचे कारण : मालकाची घाई.'

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. झेरॉक्सच्या दुकानात लोक माझ्याकडे बघून हसत होते. मी मास्तरांच्या फाटकाशी उभा राहून अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं ओरडलो, "लोखंडासाठी रडता, माणसाची अब्रू काढता! आजपासून तुमचं माझं संपलं!" ते काही तरी सांगायला लागले. मी ऐकलं नाही. नंतर दोनदा ते आमच्या दारात आले, काखेत गोणपाटात गुंडाळलेलं परातीएवढं काही तरी होतं. मला वाटलं, आणला असेल गाडीचा एखादा अवयव मला खिजवायला. मी दोन्ही वेळा तोंडावर दार लावलं.

दोन वर्षं अबोला. मंदा चिंचणीची, तिच्या हातचे बोंबील मास्तरांना फार आवडायचे. ती माझ्या चोरून कुंपणावरून डबा द्यायची. मी पेपराआडून बघायचो आणि न बघितल्यासारखं करायचो. तेवढाच माझा मोठेपणा.

मग मास्तरांना वलसाडच्या इस्पितळात नेल्याचं कळलं. मंदा म्हणाली, "जाऊन या हो." मी म्हटलं, "रविवारी जाऊ." मनात जुळवाजुळव चालली होती की आधी काय बोलायचं, मॉरिसची चौकशी करायची की त्यांची. शनिवारी सकाळी मास्तर गेले.

अंत्ययात्रेला अकरा जुन्या गाड्या आल्या होत्या. रस्त्यात ओळीनं उभ्या, आणि एकाही गाडीचं तोंड समुद्राकडे नव्हतं. कुणी सांगितलं नव्हतं, सगळ्यांनी आपापली फिरवून लावली होती. तिरडी उचलली आणि रुस्तमकाकांच्या ऑस्टिनचा हॉर्न अडकला. थांबेचना! रुस्तमकाका नुसते स्टीअरिंगवर डोकं ठेवून रडत होते. शेवटी मास्तरांचे मेकॅनिक नटूभाई खांदा सोडून धावले आणि वायर ओढून काढली. लोक हसत होते आणि डोळे पुसत होते. मी सगळ्यांत मागे होतो. पुढे जायचं तोंड नव्हतं मला.

तेराव्यानंतर नटूभाईंनी मला शेडमध्ये बोलावलं. "सदूभाई, एक वस्तू हाय तुमची." कपाट उघडून त्यांनी ते गोणपाट काढलं. आत फियाटच्या बॉनेटचा कापून काढलेला तुकडा. वरून फिका हिरवा. मी तो उलटा केला.

आतल्या बाजूला बाबांचं अक्षर होतं. स्टेशनच्या पाटीवर असायचं तसं, पांढऱ्या रंगातलं, बारीक ब्रशनं काढलेलं. 'तेल बदलले.' 'घाटात तापली.' 'सदू मॅट्रिक पास.' 'सुमन सासरी गेली, येताना गाडी रिकामी.' सुमन म्हणजे माझी बहीण. हे सगळं मी लहानपणी बघितलं असणार. पण पुढे बॉनेट मी कधी उघडलंच नाही, ते काम मेकॅनिकचं; साफ विसरलो होतो. मी बापाचं अक्षर भंगारात घातलं होतं, आणि या माणसानं भंगारवाल्याकडे बसून करवतीनं ते कापून आणलं होतं. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'सदूचे. सध्या माझ्याकडे.'

"मी बोललो होतो, मीच देऊन येतो," नटूभाई म्हणाले. "तर बोलले, नको. राग उतरला की तो येल. त्याच्या हातात देजे."

सोबत एक वही होती. पहिल्या रविवारांची. माझ्या पत्र्यासाठी वेगळं पान.

'पत्रा पुसला. सदू खिडकीत दिसला. बोलला नाही.'

'पत्रा पुसला. मंदाने बोंबील दिले. सदू पेपराआडून बघत होता. त्याने पेपर उलटा धरला होता.'

'पत्रा पुसला. मी तसे छापायला नको होते. गाडीसाठी रडता रडता माणूस तोडला.'

'पत्रा पुसला. आज त्याच्याकडे जाण्यासाठी चपला घातल्या होत्या, परत काढल्या. माणसाला घाई करू नये. घाई भंगारवाल्याला असते.'

अशी दोन वर्षं. त्यापुढचा रविवार, ज्या रविवारी मी वलसाडला जाणार होतो तो, कोरा होता.

पत्रा मी घरी नेला नाही. नटूभाईंना म्हटलं, कपाटात राहू दे, इथे त्याची काळजी घेतात. तीन महिने धीर झाला नाही. या महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी मी शेड उघडली. मॉरिसला गोड्या पाण्याची बादली घातली. मुठी, आरसे सगळं पुसलं. बाबांचं अक्षर शेवटी पुसलं, हलक्या हातानं. मग वही उघडली आणि मास्तरांच्या ओळीखाली, माझ्या कारकुनी अक्षरात लिहिलं.

'पत्रा पुसला. सदू आला होता.'