नहरीतला ह

माझ्या मुलीच्या लग्नात जिलबी साजूक तुपातली आहे, असं मी पंगतीत सांगत फिरत होतो. कादरभाईंनी हातातली जिलबी पानात ठेवली आणि विचारलं, "सबूत?" आचाऱ्याकडून डबा आला. वनस्पती तुपाचा. व्याह्यांच्या देखत.

हा गृहस्थ जमिनीच्या जुन्या कागदांच्या कचेरीतून निवृत्त झालेला. मोडी येते, उर्दू येते. चारचौघांत गप्प बसणं तेवढं येत नाही. करमाडजवळच्या आमच्या गावात एकही नाव त्यांनी धड ठेवलं नाही. परीच्या टेकडीवर म्हणे परी कधी नव्हतीच, परीट राहायचे.

ओढ्याकाठी नवरीचा दगड आहे. सासरी जाताना नवरीनं मागं वळून पाहिलं आणि तिचा दगड झाला, असं गाव सांगतं. शाळेच्या स्मरणिकेत मीही तेच लिहिलं. वर पदरचे साडेतीनशे वऱ्हाडी घातले. ती स्मरणिका घेऊन कादरभाई माझ्या ओसरीवर हजर.

"गुरुजी, निजामाच्या जमान्यात तिथं पाण्याची नहर होती. नहरीचा दगड. गावानं ह चा व केला, अन् तुम्ही त्याला वऱ्हाड जोडलं."

पंधरा वर्षं ते ग्रामपंचायतीला अर्ज देत होते. यंदा नव्या रस्त्यावर पाट्या लागायच्या होत्या, तेव्हा पंचायतीनं कंटाळून त्यांचं म्हणणं मान्य केलं. पेंटरनं 'नहरीचा दगड' रंगवलं, तेव्हा कादरभाई इस्त्रीच्या शर्टात पाटीसमोर उभे होते. माझी जिरलेली बघायला मला मुद्दाम बोलावलं होतं.

तेवढ्यात तान्हाबाई हिरव्या बांगड्या घेऊन आली. तिची लेक अंगाला हळद लागलेली असताना तापानं गेली. तेव्हापासून दरवर्षी त्या दिवशी म्हातारी दगडावर बांगड्या ठेवते. तिला वाचता येत नाही. पाटीवर काय लिहिलंय, तिनं मला विचारलं. मी शहाण्यानं नहरीपासून सगळं समजावून सांगितलं.

तिनं कादरभाईंकडे पाहिलं. "मंग भाऊ, इथं नवरी नव्हतीच का?"

कादरभाईंच्या हातात जुन्या कागदाची नक्कल होती. त्यांनी ती घडी करून खिशात घातली.

"व्हती ना, बाई. मलाच नीट वाचता आलं नाय." मग पेंटरला म्हणाले, "ह पुस. व काढ."

पेंटर कुरकुरला, पण त्यानं पुसलं. म्हातारी बांगड्या ठेवून गेली. ती वळणाआड होईपर्यंत कादरभाई तिकडेच बघत राहिले. मग माझ्याकडे वळले.

"दात काढू नका, गुरुजी. तुम्ही अजून बी चूकच हाय."